उंची चार फूट अकरा, ट्युबा आठ किलो

माझी उंची चार फूट अकरा इंच. चारचौघांत मी पाच फूट सांगते, पण ट्युबा, म्हणजे खर्जातलं ते भलंमोठं पितळी फुंकवाद्य, मांडीवर घेतला की खोटं उघडं पडतं, कारण माउथपीस (फुंकायचं तोंड) ओठांशी यायचा तो भुवयांशी येतो. आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी बडोद्यातल्या प्रतापनगरच्या एका गोदामात बसून वाजवतो: दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि मी. बाकी चौघांना आपापलं वाद्य आधीपासून येत होतं. मी शाळेच्या बँडात दोन वर्षं सूझाफोन, म्हणजे चालता चालता वाजवायचा ट्युबा, खांद्यावर घेऊन चालले होते, तेवढ्या भांडवलावर बेस, म्हणजे खर्जाची बाजू, माझ्या गळ्यात पडला.

त्याला अकरा वर्षं झाली. तेवढ्यात तीन ट्युबा झाले: एक उसना, एक फसलेला आणि एक आत्ता शेजारच्या खोलीत आहे तो. दिवाळीपासून दोन आया आणि एक आजोबा घरी येऊन गेले. मुलगी लहानखुरी आहे, ट्युबाच वाजवायचा म्हणते, तोही रोटरी व्हॉल्व्हचा. परवडेल असा कुठे मिळेल? तिघांना तेच सांगून झालं, आता एकदा लिहूनच काढते.

पहिलं म्हणजे रोटरीचा हट्ट चुकीचा नाही. व्हॉल्व्ह म्हणजे हवेची वाट बदलणारी कळ. पिस्टनच्या ट्युबात दांडा खाली-वर जातो आणि बोटाला बराच लांब पल्ला दाबावा लागतो. रोटरीत पितळी घरात एक गोल ठोकळा (रोटर) असतो, तो पाव फेरा फिरतो आणि हवेची वाट बदलते. पॅडल थोडंसंच दाबावं लागतं. पिस्टन वरून दाबायचे असले तर उजवा हात वाद्याला वळसा घालून वर न्यावा लागतो. माझ्या हाताची लांबी त्यातच संपते. समोरून दाबायचे पिस्टनही असतात, ते चालतात. पण रोटरीची पॅडलं पोटासमोर येतात, कोपर अंगालगत राहतं, आणि तासाभराने खांदा भरून येत नाही.

अडचण अशी की आपल्याकडे रोटरी सहजी दिसत नाही. बँड आपण इंग्रजांकडून घेतला, त्यामुळे वळण पिस्टनचं. बडोद्याला सयाजीरावांच्या काळी संस्थानचा बँड होता, कमाटीबागेत बँडस्टँड आहे, लग्नसराईत रस्त्यावर पितळेचा पूर येतो, पण दुकानात जाऊन "रोटरी ट्युबा दाखवा" म्हटलं की माणूस आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या उंचीकडे बघतो. मेरठच्या जाली कोठी भागात पितळी वाद्यं पिढ्यान् पिढ्या बनतात. तिथे युफोनियम मिळेल, सूझाफोन मिळेल, आणि पोचे काढण्यात त्या कारागिरांचा हात धरणारं कोणी नाही. रोटरी मात्र बहुतेक करून बाहेरूनच आणावा लागतो, म्हणजे न बघता किंवा दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून. म्हणूनच मापं आधी घ्यायची.

टेप काढा

शिवणकामाची टेप घ्या. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर पाठ न टेकता, ताठ पण न आखडता बसा, आणि बैठकीपासून खालच्या ओठापर्यंतचं अंतर दुसऱ्या कोणाला तरी मोजायला लावा. स्वतः मोजलंत तर मान वाकते आणि दोन सेंटीमीटरची चूक होते. माझं अंतर ५८ सेंटीमीटर आहे. हा आकडा कागदावर लिहा आणि तो कागद सोडू नका.

आता विकणाऱ्याकडून एकच गोष्ट मागायची: ट्युबा वाजवताना जसा थोडा तिरपा धरतात तसा धरून, खालच्या वळणाच्या तळापासून माउथपीसच्या कडेपर्यंतची सरळ उभी उंची, टेप दिसेल असा फोटो. ट्युबाची एकूण उंची सगळे सांगतात; तिचा आपल्याला उपयोग नाही. भोंगा डोक्यावर किती गेला याने ओठांना फरक पडत नाही. माझ्या ट्युबाचं हे अंतर ६६ आहे. ६६ उणे ५८, म्हणजे ट्युबा माझ्या बैठकीपेक्षा ८ सेंटीमीटर खाली टेकला पाहिजे. हे आठ सेंटीमीटर मला उसन्या ट्युबाच्या वेळी कळले नव्हते. वर्षभर मी हनुवटी वर करून वाजवलं, घसा आवळला, मानेला शेक घेतला आणि दोष माझ्या फुप्फुसांना दिला.

ते आठ सेंटीमीटर असे निघाले. खुर्ची ४५ सेंटीमीटर उंच. तिच्यावर घट्ट उशी घातली, बसल्यावर ती चार उरते, झाले ४९. मुलाच्या अभ्यासाचं जुनं लाकडी स्टूल होतं, त्याचे पाय करवतीने कापले आणि वर गोधडीची घडी घातली, तिच्यासकट ४१. मी खुर्चीच्या कडेला बसते, स्टूल गुडघ्यांच्या मध्ये, ट्युबा स्टुलावर. पाय लोंबकळायला लागले म्हणून खाली दोन पाट, एकावर एक. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा विचारलं, "पूजा कसली आहे?" पण माउथपीस आपणहून ओठांशी आला. ट्युबाचे तयार स्टँडही मिळतात, खालीवर करता येणारे. मी ते नंतर घेतलं, आणि गोधडी जास्त बरी म्हणून परत स्टुलावर आले.

अंतर उलटं निघालं, म्हणजे माउथपीस ओठांच्या खाली येत असेल, तर काम सोपं आहे: ट्युबाखाली टॉवेल घाला. बुटक्या माणसाला हे भाग्य क्वचित लाभतं.

दुसरं माप हाताचं. उजवा पंजा अंगठा आडवा करून पसरा. ट्युबाला अंगठा अडकवायची एक कडी असते, तिच्यापासून चौथ्या पॅडलपर्यंत करंगळी न ताणता पोचली पाहिजे. हेही अंतर फोटोत टेप लावून मागा. कडी डाग सोडवून सेंटीमीटरभर सरकवता येते, पॅडलच्या दांड्या जाणता कारागीर जराशा वाकवू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून ट्युबा नाकारू नका. माउथपीसची उंची मात्र कारागिराकडून बदलून घ्यायची म्हणजे पहिली नळीच नव्याने वळवायची. त्या भानगडीत पडू नका.

३/४ म्हणजे पाऊण नव्हे

व्हायोलिनचं पाऊण माप मुलांसाठी लहान असतं. ट्युबाचं तसं नाही. बी-फ्लॅट पट्टीचा ट्युबा ३/४ असो की ६/४, नळीची लांबी तीच, साधारण अठरा फूट. त्याशिवाय तो स्वर निघणारच नाही. फरक नळीच्या घेरात आणि भोंग्याच्या तोंडात असतो. आणि हे आकडे कुठल्या मानकाने ठरलेले नाहीत. एका कारखान्याचा ३/४ दुसऱ्याच्या ४/४ ला मागे टाकतो. तेव्हा आकडा ऐकून खूश होऊ नका. वजन विचारा, भोंग्याचा व्यास विचारा आणि ती ओठांची उंची विचारा. घेर कमी असला की वारा कमी लागतो, हा लहान चणीच्या माणसाला खरा फायदा आहे. फुप्फुसांचं माप उंचीबरोबर वाढतं, त्यात भांडण नाही.

मग दुसरा प्रश्न येतोच: एफ पट्टीचा ट्युबा घेतला तर? तो बारा फुटांचा, दिसायला सुटसुटीत. मलाही मोह झाला होता. पण एफ हा मुळात वरच्या पट्टीत एकट्याने वाजवायला सोयीचा, आणि रोटरीच्या एफ ट्युबात खालचा सी बऱ्याचदा घशात अडकल्यासारखा निघतो. बोटंही सगळी नव्याने शिकावी लागतात. मंडळींबरोबर बेस धरायचा असेल तर लहान घेराचा, चार व्हॉल्व्हचा बी-फ्लॅट घ्या. तीन व्हॉल्व्हचा स्वस्त मिळतो, पण पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की स्वर चढतो. चौथा व्हॉल्व्ह एकट्याने तेच काम सुरात करतो. जिथे पैसे वाचवू नयेत त्यातली ही एक जागा.

नावं

मिराफोन कंपनीचं १८६ हे मॉडेल सगळे सांगतील आणि त्यांचं चुकत नाही. १९४६ मध्ये बोहेमियातल्या ग्रास्लिट्झ भागातून आलेल्या निर्वासित कारागिरांनी बव्हेरियात वाल्डक्राइबुर्गला सहकारी तत्त्वावर हा कारखाना उभा केला. १८६ टिकाऊ आहे, सुटे भाग मिळतात, विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळतं. पण जुनासुद्धा महाग, आणि माझ्या अंगाला मोठा. त्याच घरचा १८४ लहान आहे. दिसला तर दोनदा बघा. चेर्वेनी हे झेक नाव १८४२ पासूनचं, ह्रादेत्स क्रालोवे गावचं. त्यांनी दुसऱ्यांच्या नावाने शिक्के मारूनही पुष्कळ ट्युबा विकले, त्यामुळे अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच पान उलटू नका. आणि पूर्व जर्मनीच्या काळातले बी अँड एस आणि वेल्टक्लांग: नक्षी शून्य, लाखेची चमक केव्हाच गेलेली, पण पितळ जाडजूड आणि आवाज भरलेला. परवडण्याच्या गोष्टी चालल्या असतील तर मी याच रांगेत उभी राहीन, राहिलेच.

नवीन चिनी रोटरी जुन्या जर्मनच्या आसपासच्या पैशात येतात. सगळेच वाईट नसतात, पण एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघतील याची खात्री नसते. समोर बसून वाजवता येत असेल तरच घ्या.

एक सापळा देशातच आहे. जुन्या सामानाच्या दुकानात कधी कधी इंग्रजी बनावटीचा सुंदर ट्युबा मिळतो, किलोच्या भावापेक्षा थोडा वर. तो असतो पिस्टनचा, पण हात थरथरतो. घेण्याआधी फोनवरचा ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं ॲप, लावा. इंग्रजांच्या लष्करी बँडांचा सूर एके काळी ४४० हर्ट्झला नसून ४५२ च्या आसपास होता, म्हणजे आजच्यापेक्षा जवळजवळ पाव स्वर वर. मुख्य स्लाइड, म्हणजे आत-बाहेर सरकणारी नळी, ओढून तो खाली आणता येतो, पण मग प्रत्येक व्हॉल्व्हची नळी तोकडी पडते आणि एकेक स्वर वेगळ्या दिशेला पळतो. दिवाणखान्यात ठेवायला छान.

गुलाबी ठिपके

आता माझी फसवणूक. दुसरा ट्युबा मी फोटो बघून घेतला. विकणाऱ्याने तो असा चमकवला होता की त्यात माझं तोंड दिसत होतं. चार महिन्यांनी, पावसाळ्यात, लीडपाइपवर, म्हणजे माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीवर, एक ठिपका दिसला. मोहरीएवढा, गुलाबी, मध्ये काळसर. चिंच-मिठाने पुसला, जाईना. आठवड्याने शेजारी आणखी तीन. नखाने खरवडलं तर पितळ वाळल्या बिस्किटासारखं भुसभुशीत लागलं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आत ओल आणि घाण साचत राहिली की जस्त झिरपून निघून जातं आणि तांब्याचा गुलाबी सांगाडा उरतो. हे आतून बाहेर येतं, त्यामुळे बाहेर ठिपका दिसेपर्यंत आतली नळी पोखरलेली असते. पॉलिश केलं की काही काळ झाकलं जातं, म्हणून फार चकचकीत जुना ट्युबा मला आता संशयास्पद वाटतो. फोटो मागाल तेव्हा लीडपाइपचा आणि खालच्या वळणाचा दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता, जवळून मागा. भोंग्याला पोचे असले तर घासाघीस करा आणि घ्या. भोंग्याचा पोचा दिसतो वाईट, वाजतो ठीक. लीडपाइपला किंवा व्हॉल्व्हजवळच्या बारीक नळ्यांना पोचा असला तर मात्र वारा तिथेच अडतो. आणि एखादी स्लाइड घट्ट अडकली असेल तर "निघेल हो" यावर विश्वास ठेवू नका. निघते, पण तेल मुरवून आणि जपून ऊब देऊन, जाणत्याच्या हातून.

तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले. मावसबहीण लाइप्झिगला असते, तिला कामाला लावलं. ती गाणंही न गुणगुणणारी बाई, पण मी फोनवर सांगत गेले आणि तिने करून दाखवलं. तुम्हालाही तपासणी दुसऱ्याकडूनच करून घ्यावी लागेल, म्हणून ती तशीच सांगते.

आधी पॅडल न दाबता त्या व्हॉल्व्हची स्लाइड दोन-तीन सेंटीमीटर बाहेर ओढायची आणि पाच-सहा आकडे मोजायचे. मग पॅडल दाबायचं. "पॉक्" असा बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज आला तर रोटर अजून घट्ट आहे, हवा धरून होता. नुसताच "फुस्स" आला किंवा काहीच आलं नाही तर रोटर झिजलाय. चारही व्हॉल्व्हवर करायचं. बहिणीने फोन स्पीकरवर ठेवला होता. पहिला पॉक्, दुसरा पॉक्, तिसरा जरा मऊ, चौथा एवढा मोठा की ट्युबा विकणारे आजोबा हसले. तिसरा मी पत्करला. झिजलेल्या रोटरचं घर परत बसवणं हे ट्युबाच्या किमतीएवढं काम असतं, तेव्हा चारही "फुस्स" असतील तर कितीही स्वस्त असो, नमस्कार करून निघायचं.

मग व्हॉल्व्हच्या मागचं झाकण फिरवून काढायचं. आत रोटरच्या टोकावर आणि त्याच्या भोवतीच्या चकतीवर बारीक खुणा असतात. पॅडल सोडलेलं असताना एक खूण जुळली पाहिजे, दाबल्यावर दुसरी. केसभर सरकलेली दिसली तर घाबरू नका. रोटरला थांबवणारे बुचाचे किंवा रबराचे तुकडे दबलेले असतात, ते बदलले की खुणा जुळतात. दहा रुपयांचं काम, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर किंमत चांगली खाली येते. मी हे त्या आजोबांना सांगून टाकलं, बहीण अजून त्यावरून बोलते.

शेवटी वाजवून दाखवायला सांगायचं, ट्यूनर कॅमेऱ्यात दिसेल असा ठेवून. एकही व्हॉल्व्ह न दाबता बी-फ्लॅट ट्युबातून खालून वर स्वर निघतात ते आपल्या भाषेत सा, प, सा, ग, प. यातला गंधार ट्यूनरवर उतरलेला दिसणार, साधारण चौदा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तो वाद्याचा दोष नाही. तंबोरा जुळला की न छेडता जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. पियानोचा गंधार त्याहून चढा म्हणून काटा खाली जातो. चौदा-पंधरापर्यंत निर्धास्त राहा. काटा तीस खाली गेला तर मग नळीत कुठेतरी गडबड आहे. बाकीचे सा आणि प जागेवर बसले पाहिजेत.

माउथपीस त्याच वेळी मागून घ्या. युरोपी ट्युबाची माउथपीस बसवायची जागा बऱ्याचदा जरा रुंद असते आणि अमेरिकी धाटणीचा दांडा तिच्यात जास्त आत जातो, मग सूर आणि आवाज दोन्ही बिघडतात. लहान माणसाला लहान माउथपीस लागतो हे खरं नाही; ओठ कडेवर आरामात बसले म्हणजे झालं.

आणायचा कसा

मला तो ११५० युरोला पडला. पण बडोद्यात घरी येईपर्यंतचा हिशोब वेगळा. सीमाशुल्क नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं, आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. फुंकवाद्यांचा शुल्कक्रमांक ९२०५ आहे, तो पावतीवर घालून घ्या आणि त्या महिन्याचा दर बघूनच विकणाऱ्याला होकार द्या. माझ्या माहितीतल्या एकाने वाहतूक फुकट मिळाली म्हणून उड्या मारल्या आणि शुल्क भरताना बसला.

बडोद्यात घराआड एक माणूस परदेशात, त्यामुळे "कोणीतरी येताना आणेल" हा विचार पहिला सुचतो. विमानाच्या सामानाला लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटरची आणि साधारण २३ किलोची मर्यादा असते. ट्युबा वजनात बसतो, मापात बसत नाही, पेटीसकट तर नाहीच. जास्तीचे पैसे भरून आणता येतो; आधी विमान कंपनीला कळवून, लेखी घेऊन. बांधताना भोंग्याची कड खोक्याला टेकू द्यायची नाही. भोंग्यात कपडे ठासून भरा, व्हॉल्व्हच्या आजूबाजूला मऊ काहीतरी, आणि खोक्यात खोकं. माझ्या भोंग्यातून बहिणीने पाठवलेले दोन स्वेटर निघाले. बडोद्यात स्वेटर!

आल्यावर लगेच फिरवत बसू नका. रोटरला दोन तऱ्हेचं तेल लागतं: स्लाइडमधून आत सोडायचं पातळ, आणि मागचं झाकण काढून आसावर व पॅडलच्या सांध्यांवर द्यायचं जाड. शिलाई मशिनचं तेल आत ओतलेला ट्युबा मी पाहिलाय, तो आठवड्यात चिकट झाला होता. पावसाळ्यात रोज दोन मिनिटं तरी चारही पॅडलं हलवा, नाहीतर रोटर जागेवर धरतो. आणि जमिनीवर ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या ट्रॉम्बोनवाल्याची पेटी तरंगली. माझा माळ्यावर होता.

सुटे स्क्रू, सांध्याची दांडी असलं काही मोडलं तर मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) चांगला लेथवाला हुबेहूब बनवून देतो, नमुना नेलात तर तासाभरात. पण रोटर त्याच्या हातात द्यायचा नाही. तो "थोडंसं घासून देतो" म्हणेल, आणि त्या थोड्याशात पॉक् कायमचा जाईल.

माझ्या ट्युबाचे रोटर दोरीने फिरतात, जुन्या पद्धतीने. धातूच्या सांध्यांपेक्षा कमी खडखड करतात. एका गणपतीत विसर्जनाच्या आधी, दांडिया बाजारच्या मंडपात, दुसऱ्या व्हॉल्व्हची दोरी तुटली आणि पॅडल मेल्यासारखं खाली पडलं. उरलेलं अर्धं गाणं मी दुसऱ्या व्हॉल्व्हचे स्वर गाळून वाजवलं. ट्रम्पेटवाल्याशिवाय कोणाला कळलं नाही, त्याने अजून विसरू दिलेलं नाही. मासे धरायची विणलेली दोरी सगळ्यात टिकते. आधी बांधलेल्या दोरीचा फोटो काढून ठेवा, कारण आठाच्या आकड्यासारखा वेढा कुठून कुठे जातो हे तुटल्यावर आठवत नाही.

राहिली ने-आण. पाठीवरची पिशवी घेताना तिची लांबी बघा. माझ्या पाठीवर ती पोटऱ्यांपर्यंत येते आणि पायऱ्या उतरताना मागून लाथा घालते; पट्टे वर ओढून शिवून घेतले तेव्हा कुठे जमलं. चाकं असलेली पिशवी आपल्या रस्त्यांवर दोन महिने टिकते. ॲक्टिव्हावर एकदा प्रयत्न केला: पुढे ठेवला तर हँडल वळत नाही, मागे बांधला तर पुढचं चाक हलकं होतं. तेव्हापासून रिक्षा. ट्युबा आधी आत, भोंगा वर, मग आपण. रिक्षावाला विचारणारच, "बेन, गीझर छे?" हो म्हणावं. नाही म्हटलं तर प्रतापनगर येईपर्यंत वाजवून दाखवावा लागतो.